बांधलेला मनुष्य दोषी कीं रोगी?

आमच्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत दारूविषयीं पुष्कळ बोललें जातें. दारूचा वास येतो, पिणारा वाटेंत पडतो, घरांतील भांडीं विकलीं जातात. म्हणून तें पाप लपत नाहीं, व त्याविरुद्ध उपदेश करणेंही सोपें जातें. परंतु दुसरें एक बंधन असें आहे कीं, त्याला वास नाहीं आणि त्याचा आवाजही होत नाहीं. तें कामवासनेचें बंधन होय. उपासनेस पहिल्या रांगेंत बसणारा, गीतें तोंडपाठ म्हणणारा, वर्गणी वेळेवर देणारा मनुष्यही त्यांत जखडलेला असूं शकतो, आणि शेजारीं बसलेल्याला त्याची वार्ताही नसते. ऊसतोडीला गेलेला तरुण, महिनोन्‌महिने घराबाहेर मालमोटार हांकणारा चालक, शहरांत एका खोलींत दहा जणांबरोबर राहणारा मजूर, वसतिगृहांतील विद्यार्थी, आणि रात्रीं सर्व निजल्यावर हातांत मोबाईल घेऊन बसणारा घरधनी, ह्या सर्वांच्या वाटेवर हा पाश मांडलेला आहे. पूर्वीं अशुद्ध गोष्टीसाठीं मनुष्याला गांवाबाहेर जावें लागे; आतां ती त्याच्या खिशांत येऊन बसली आहे.

ह्या विषयासंबंधानें आमचीं व्यासपीठें बहुधा मुकीं असतात. ह्या मौनाचें कारण लाज आहे, आणि लाज ही सर्वस्वीं वाईट वस्तु नव्हे. पण जेथें वैद्यच रोगाचें नांव घेण्यास लाजतो, तेथें रोग्यानें तोंड कोठें उघडावें? म्हणून आज आम्ही ह्याविषयीं, मर्यादा सोडल्यावांचून पण स्पष्टपणें, चार शब्द लिहीत आहों.

असा कोणी मनुष्य उघडकीस आला म्हणजे मंडळींत दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, "हा जाणून बुजून पाप करतो. ह्याला कोणी बांधून नेलें नव्हतें. ह्याला प्रभुभोजनापासून दूर करा, म्हणजे इतरांस धाक बसेल." दुसरा पक्ष, विशेषतः शहरांत शिकून आलेले तरुण, म्हणतात, "ही व्यसनाधीनता आहे, हा रोग आहे. तापानें फणफणलेल्या मनुष्याला कोणी शिक्षा करतो काय?" दोन्ही पक्षांच्या म्हणण्यांत सत्याचा अंश आहे. परंतु प्रत्येकाचें अर्धें सत्य त्या मनुष्याला कोठें नेऊन सोडतें तें पाहा. पहिल्या पक्षाचें ऐकून तो अधिक खोल लपतो, किंवा आपलें तारण अशक्य आहे असें ठरवून निराशेनें त्याच चिखलांत लोळत राहतो. दुसऱ्या पक्षाचें ऐकून तो स्वतःला निर्दोष मानूं लागतो. आणि मग ज्या पत्नीचा विश्वास मोडला व ज्या लेकरांच्या तोंडचा घास गेला, त्यांच्या अश्रूंचा जाब कोणी द्यावयाचा हा प्रश्न तसाच राहतो.

वैद्यकशास्त्र काय सांगतें तें आधीं ऐकूं. कारण देवानें दिलेल्या ज्ञानाकडे पाठ फिरविणें म्हणजे विश्वास नव्हे. मनुष्य ज्या सुखाकडे वारंवार धांवतो, त्याची वाट त्याच्या मेंदूंत पडत जाते. शेतांतून रोज एकाच जागेवरून चालल्यानें पायवाट पडते, त्याप्रमाणेंच. प्रथम तो त्या वाटेनें आपल्या इच्छेनें जातो. पुढें पाय आपोआप तिकडे वळतात. आणि शेवटीं सुख उरत नाहीं, तरी ओढ उरते. जागतिक आरोग्य संघटनेनें आपल्या रोगांच्या अकराव्या वर्गीकरणांत अनावर लैंगिक वर्तनाच्या विकाराची नोंद केली आहे. हें वर्गीकरण २०१९ सालीं संमत झालें व १ जानेवारी २०२२ पासून अंमलांत आलें. पुनःपुन्हां प्रयत्न करूनही आवरतां न येणें, त्यापायीं प्रकृति, काम व कुटुंब ह्यांची हेळसांड होणें, आणि समाधान मिळेनासें झालें तरी तेंच करीत राहणें, व हें सर्व दीर्घकाळ, म्हणजे सहा महिने किंवा अधिक, चालणें, हीं त्याचीं लक्षणें सांगितलीं आहेत. मात्र त्याच नोंदींत एक सावधगिरीही आहे. स्वतःच्या नीतिकल्पनांमुळें मनाला टोंचणी लागते, एवढ्यावरूनच कोणास हा विकार आहे असें ठरवूं नये.

पाळकांनीं व उपदेशकांनीं ही सावधगिरी ध्यानांत धरावी. सोळा वर्षांचा एखादा मुलगा कधीं वाईट चित्र पाहून लज्जित होऊन आला, तर त्याला "तूं व्यसनी झालास" असें म्हणूं नये. त्याला सन्मार्ग दाखवावा, क्षमेची खात्री द्यावी, आणि निर्भय मनानें घरीं पाठवावें. ज्याच्या पायांत बेडी नाहीं त्याला बेडी आहे असें सांगत राहिल्यास तो लंगडत चालूं लागेल. उलट ज्याच्या पायांत खरोखर बेडी आहे, त्याला नुसतें "उठून चालूं लाग" म्हणणें ही निर्दयता होय. दारूविषयींही तसेंच. वर्षानुवर्षें रोज पुष्कळ पिणाऱ्यानें ती एकाएकीं टाकली तर अंग थरथरणें, झटके येणें, भ्रम होणें असे प्रकार घडतात, व प्रसंगीं प्राणही जातो. म्हणून अशा मनुष्यावर हात ठेवून प्रार्थना करावी आणि त्याला डॉक्टरकडेही न्यावें. हीं दोन्हीं कामें एकाच प्रीतीचीं आहेत.

तर मग बांधलेला मनुष्य दोषी कीं रोगी? योहानाच्या शुभवर्तमानाच्या पांचव्या अध्यायांत बेथेस्दा तळ्याजवळ अडतीस वर्षें पडून असलेल्या मनुष्याची कथा आहे. प्रभु येशूनें त्याला पहिल्या भेटींत, हें कोणाच्या दोषानें झालें, असें विचारलें नाहीं. बरें होण्याची इच्छा आहे काय, एवढेंच विचारलें. त्या मनुष्याचें उत्तर आमच्या सर्व मंडळ्यांनीं लक्ष देऊन ऐकण्यासारखें आहे. त्यानें आपल्या पायांची तक्रार केली नाहीं. आपल्याला पाण्यांत सोडण्यास कोणी माणूस नाहीं, ही त्याची तक्रार होती. प्रभूनें त्याला उभें केलें. पण कथा तेथेंच संपत नाहीं. पुढें मंदिरांत तोच मनुष्य भेटला तेव्हां प्रभूनें त्याला पुन्हां पाप न करण्याविषयीं बजाविलें. पाहा, एकाच मनुष्याला एकाच प्रभूनें रोगी म्हणून उचललें आणि जबाबदार म्हणून बजाविलें. मात्र आधीं उचललें व मग बजाविलें, हा क्रम आम्ही विसरूं नये.

आम्हांला असें वाटतें कीं, ह्या प्रश्नाचें उत्तर एका साध्या दृष्टांतानें समजेल. विहिरींत पडलेला मनुष्य आपल्या बळानें वर येऊं शकत नाहीं. काठावर खेळतांना पडला असेल तर पडण्याचा दोष त्याचा. एखाद्यानें बाळपणींच ढकललें असेल तर तोही नाहीं. आणि ह्या बंधनांत सांपडलेल्या कित्येकांना लहानपणींच कोणीतरी ढकललेलें असतें. परंतु कसाही पडलेला असो, त्याला दोन गोष्टी करतां येतात. त्याला ओरडतां येतें, आणि टाकलेला दोर धरतां येतो. स्वतःच्या बळानें वर न आल्याचा दोष त्याजवर नाहीं. दोर न धरल्याचा आहे. बांधलेल्या मनुष्याचें स्वातंत्र्य पुष्कळ आकुंचित झालेलें असतें, पण तें अगदीं नष्ट होत नाहीं. तें शेवटीं एका जागीं शिल्लक राहतें: "मला हें आवरत नाहीं, मला मदत करा," एवढें कोणाजवळ तरी बोलण्याचें स्वातंत्र्य. जितकें स्वातंत्र्य शिल्लक, तितकी जबाबदारी शिल्लक. आणि विहिरींतून येणारा आवाज ऐकूनही जो दोर टाकीत नाहीं, त्याचा दोष तर पडलेल्याहूनही मोठा आहे.

पवित्र शास्त्राचा अभ्यास किंवा बुद्धि ह्यांनींच मनुष्य सुटत असता, तर आगस्तीन ह्याला इतका काळ तळमळावें लागलें नसतें. तो इ. स. ३५४ सालीं उत्तर आफ्रिकेंत जन्मला. तो मोठा पंडित होता. सत्य कोणतें हें त्याला कळलें होतें, तें हवेंही होतें. तरी देहाची संवय सुटेना, आणि आज नको उद्यां, असें तो करीत राहिला. शेवटीं ३८६ सालीं मिलान शहरांतील एका बागेंत त्याची ही झुंज संपली, व पुढल्या वर्षीं बिशप आंब्रोज ह्याजकडून त्याचा बाप्तिस्मा झाला. ही कथा सांगतांना आमचे उपदेशक एक गोष्ट बहुधा गाळतात. त्या दिवशीं त्या घरीं आगस्तीन एकटा नव्हता. अलिपियुस नांवाचा त्याचा मित्र त्याच्याबरोबर बागेंत आला होता. आगस्तीनाची तळमळ त्यानें पाहिली, पण तो हंसला नाहीं, घाबरला नाहीं, आणि सोडूनही गेला नाहीं. पुढें दोघांचा बाप्तिस्मा बरोबरच झाला. आमच्या प्रत्येक मंडळींत आगस्तीन बसलेले आहेत. पण अलिपियुस कोठें आहेत?

ह्याच ठिकाणीं हा विषय त्या एका मनुष्याचा न राहतां आम्हां सर्वांचा होतो. सांगणें हें जर त्याचें कर्तव्य आहे, तर ज्याला सांगतां येईल असें होणें हें आमचें कर्तव्य आहे. वाचकहो, खरें बोला: तुमच्या मंडळींत एखाद्यानें सोमवारीं पाळकाच्या कानांत सांगितलेली गोष्ट शनिवारपर्यंत पाणवठ्यावर पोंचत नाहीं काय? "अमक्यासाठीं प्रार्थना करा हो, त्याचें फार वाईट चाललें आहे," अशा शब्दांनीं आम्ही चहाडीला प्रार्थनेचें लुगडें नेसवितों. जेथें असें चालतें तेथें कोणीही शहाणा मनुष्य तोंड उघडणार नाहीं. आणि पाप जोंवर अंधारांत आहे तोंवर त्याचें बळ वाढतच जातें. अर्थात् जी मंडळी सांगणाऱ्याची लाज राखीत नाहीं, ती त्याच्या बंधनाला आपल्या हातानें एक गांठ वाढविते.

दोर टाकणारे कसे असतात ह्याचीं कांहीं उदाहरणें देतों. इ. स. १८८३ सालीं पंडिता रमाबाई इंग्लंडांत वांटेज येथील भगिनींजवळ राहत होत्या. त्या भगिनींनीं लंडनमध्यें ज्यांना जग पतित म्हणतें अशा स्त्रियांसाठीं आश्रम चालविला होता. तो रमाबाईंना दाखविण्यांत आला. त्या आश्रमांतून सुधारून निघालेल्या कित्येक स्त्रिया आतां स्वतःच रोग्यांची व दुबळ्यांची सेवा करीत आहेत, हें पाहून त्यांना मोठें आश्चर्य वाटलें. ख्रिस्ती लोकांना अशा स्त्रियांची काळजी कां वाटते, असें त्यांनीं विचारलें, तेव्हां त्यांना शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविण्यांत आली. विहिरीवर बसून त्या स्त्रीजवळ पाणी मागणाऱ्या प्रभूनें रमाबाईंचें हृदय जिंकलें, व त्याच वर्षीं त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढें केडगांव येथें मुक्ति मिशन उभें राहिल्यावर अशाच स्त्रियांसाठीं त्यांनीं कृपा सदन काढलें. त्या घराला त्यांनीं दिलेलें नांवच सांगतें कीं, तेथें येणाऱ्या स्त्रीला प्रथम काय मिळावयाचें होतें.

दुसरें उदाहरण अमेरिकेंतील. इ. स. १९३५ सालीं ॲक्रन गांवीं बिल विल्सन नांवाचा एक गृहस्थ आला होता. त्याला दारू सोडून कांहीं महिनेच झाले होते. धंद्यांत अपयश आल्यामुळें त्याला पुन्हां पिण्याची अनावर इच्छा झाली. तो दारूच्या दुकानांत न जातां आपल्यासारख्याच दुसऱ्या मद्यप्याचा शोध करूं लागला. आणि एका पाळकाला दूरध्वनि करून सुरू झालेल्या ह्या शोधांत त्याची डॉक्टर बॉब स्मिथ ह्या शस्त्रवैद्याशीं गांठ पडली. दोघे तासन्‌तास बोलले. कोणीं कोणाला उपदेश केला नाहीं. एकानें आपली कहाणी सांगितली व दुसऱ्यानें ती आपलीच म्हणून ओळखली. त्यांतून अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही चळवळ निघाली, व ती आज जगभर पसरली आहे. आमच्या प्रांतांतही १९८१ सालीं फादर जो परेरा ह्यांनीं वांद्रें येथें कृपा फाउंडेशन, आणि १९८६ सालीं डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट ह्यांनीं पुण्यास मुक्तांगण हें व्यसनमुक्ति केंद्र सुरू केलें. अशा ठिकाणीं मनुष्याला पाठविण्यांत मंडळीला कमीपणा नाहीं. आपल्या गाडींत औषध नसेल तर शेजाऱ्याच्या गाडींतून रोग्याला न्यावें.

"पण तो पुन्हां पडला तर?" असें मंडळीचे पंच विचारतात. बहुधा पडेल. न्यूयॉर्क शहरीं जेरी मॅकॉले नांवाचा चोर व मद्यपी होता. तुरुंगांत असतांना त्याला ख्रिस्ताची ओळख झाली; तरी १८६४ सालीं सुटून आल्यावर तो पुन्हां दारूंत पडला, आणि तेंही एकदांच नव्हे. प्रत्येक वेळीं त्याला कोणीतरी उठविलें. त्याच मनुष्यानें १८७२ सालीं आपल्या पत्नीसह वॉटर स्ट्रीट येथें पतितांसाठीं मिशन उघडलें, व शेंकडों लोकांना तेथें हात मिळाला. दुसऱ्यांदा पडल्यावर त्याला कायमचें टाकून दिलें असतें, तर तें दार कधींच उघडलें नसतें.

कोणी म्हणेल, अशानें पाप स्वस्त होईल. आम्ही म्हणतों, नाहीं. ज्या मनुष्याला खरेंच सुटावयाचें आहे त्याला पुष्कळ मोल द्यावें लागतें. आठवड्याचा पगार पत्नीच्या हातीं द्यावा लागतो. रात्रीं मोबाईल दुसऱ्याच्या स्वाधीन करावा लागतो, किंवा साधा यंत्र वापरावा लागतो. जुनी सोबत व जुनी वाट सोडावी लागते. दर आठवड्यास एका विश्वासू बंधूपुढें बसून, डोळ्याला डोळा भिडवून, खरा हिशेब द्यावा लागतो. प्रभुभोजनापासून एकदां दूर बसविलें कीं शिस्त संपली, असें मानणाऱ्या मंडळीला ही शिस्त फार जड वाटेल, कारण हिच्यांत मंडळीलाही आपला वेळ द्यावा लागतो. शिस्त ही मोडलेल्या हाडाला बांधलेल्या कांबीसारखी असावी. तिचा हेतु हाड सांधण्याचा आहे, मारण्याचा नव्हे.

आमच्या उपदेशक बंधूंस येथें विशेष सांगणें आहे. तुमच्यापैकीं कोणी स्वतः ह्या बंधनांत असेल. लोकांपुढें शुद्धतेवर उपदेश करून घरीं आल्यावर स्वतःचीच किळस येणें, ह्याहून मोठें दुःख नाहीं. बोललों तर पोटावर पाय येईल, मुलांचें शिक्षण थांबेल, ही तुमची भीति खोटी नाहीं. म्हणून जे पाळक, जे पंच व जे मिशनचे अधिकारी ह्या ओळी वाचीत असतील, त्यांस आमची हात जोडून विनंति आहे: जो आपण होऊन सांगावयास येतो, त्याला आणि जो पकडला जातो त्याला, एकाच मापानें मोजूं नका. त्याला कांहीं काळ व्यासपीठावरून उतरवावें लागेल. तें योग्यच आहे. पण त्याला दुसरें काम द्या, त्याच्या चुलीवर भांडें चढत राहील असें करा, आणि त्याजबरोबर चालण्यास एक वडील मनुष्य नेमा. खरें बोलण्याचें मोल जर उपाशी मरणें हें असेल, तर आम्हीच खोटें बोलण्यास शिकवितों.

बंधनांत पुरुषच असतात असें नाहीं. पण स्त्रीला लाजेचा भार दुप्पट असतो. तिचें दुःख बायबलबाईनें, पाळकाच्या पत्नीनें किंवा एखाद्या प्रौढ भगिनीनेंच ऐकावें. ऐकणाऱ्यानेंही सांभाळून राहावें. जे आपण सावध आहों असें मानून दुसऱ्याला उठविण्यास जातात, त्यांनीं स्वतःकडेही पाहावें, असा पौलानें गलतीकरांस इशारा दिला आहे.

आतां गुप्ततेची मर्यादा सांगतों, कारण हिच्याविषयीं मोठा घोटाळा आहे. पाप करणाऱ्याची लाज राखणें ही प्रीति. परंतु त्यापायीं दुसऱ्या कोणाचा बळी देणें ही प्रीति नव्हे. एखाद्यानें लहान मुलामुलीवर हात टाकला असेल, तर तें प्रकरण प्रार्थनेनें झांकण्याचें नाहीं. २०१२ सालच्या लैंगिक अपराधांपासून बालकांचें संरक्षण करणाऱ्या कायद्याप्रमाणें, अशी गोष्ट ज्याला कळली त्यानें पोलिसांस कळविणें बंधनकारक आहे. न कळविणारा स्वतः शिक्षेस पात्र होतो. "मंडळीचें नांव जाईल" असें म्हणणाऱ्यास विचारा, लेंकराचा जीव मोठा कीं नांव मोठें? त्याचप्रमाणें, पति बाहेर जात असेल तर पत्नीला रोग लागण्याचें भय असतें. तिला अंधारांत ठेवूं नये, तसा आग्रह पतीजवळ धरावा, आणि दोघांनींही शासकीय रुग्णालयांत तपासणी करून घ्यावी, एच.आय.व्ही.ची तपासणी तेथें मोफत होते. पत्नीला "क्षमा कर आणि गप्प बैस" असें फर्मावणाऱ्या पाळकानें क्षमा ह्या शब्दाचा अपमान केला आहे. क्षमा हें देणाराचें दान आहे. ती पंचांनीं वसूल करण्याची वर्गणी नव्हे. तिला वेळ द्या, आसरा द्या, आणि तिचेंही ऐका. पुष्कळदां मंडळी पडलेल्याभोंवतीं जमते आणि ज्याच्या अंगावर तो पडला त्याला विसरते.

प्रिय बंधुभगिनींनो, बेथानी गांवीं प्रभूनें लाजाराला कबरेंतून बाहेर बोलाविलें, तेव्हां तो हातपाय बांधलेल्या स्थितींतच बाहेर आला. जीवन देण्याचें काम प्रभूनें स्वतः केलें. तें आम्हांला करतां येत नाहीं. पण प्रेतवस्त्रें सोडण्याचें काम त्यानें जवळ उभें असलेल्या लोकांस सांगितलें. तीं वस्त्रें कांहीं स्वच्छ नसतील. चार दिवस कबरेंत होतीं. तरी कोणीतरी जवळ गेलें, वाकलें, आणि गांठी सोडल्या. आमच्या गांवांत असा एखादा मनुष्य कबरेच्या दाराशीं, जिवंत पण बांधलेला, उभा असेल. तो दोषी कीं रोगी, ह्याचा वाद करीत आम्ही दूर उभे राहूं नये. ह्या येत्या रविवारीं प्रत्येक पाळकानें व पंचानें देवासमोर स्वतःला एकच प्रश्न विचारावा: ज्याला सांगतां येईल असा मनुष्य मी आहें काय? आणि जो बांधलेला आहे त्याला आम्ही सांगतों: बंधू, भगिनी, एका विश्वासू मनुष्याकडे जा व बोल. तुझें तेवढें स्वातंत्र्य अजून तुजजवळ आहे. आणि ज्या प्रभूनें तुला हांक मारली आहे, तो आपल्या लोकांस गांठी सोडण्यास सांगत आहे.